खेळाडू नाही, वर्षं मोजा: बेसबॉलचे ड्राफ्ट, प्रॉस्पेक्ट आणि ट्रेड समजून घेताना

पिट्सबर्गला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या उन्हाळ्यात कुणी ना कुणी पीएनसी पार्कवर मॅचला घेऊन जातंच. समोर अ‍ॅलेगेनी नदी, पलीकडे डाउनटाउनच्या इमारती, मधे पिवळा क्लेमेंटे पूल. तीन-चार इनिंग होईपर्यंत स्ट्राइक, बॉल, आउट हे क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाच्या ध्यानात येतं. अडतं ते दुसरीकडेच. जुलै उजाडतो, इथल्या पायरेट्स टीमचा बरा खेळणारा माणूस दुसऱ्या टीमला दिला जातो (हाच ट्रेड) आणि बदल्यात येतात कुणी ऐकलेली नसलेली तीन पोरं, म्हणजे प्रॉस्पेक्ट, खालच्या लीगमध्ये तयार होणारे होतकरू खेळाडू. मग मला हमखास विचारलं जातं, "अहो, पण चांगला खेळत होता ना? मग दिला का?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मी पायरेट्सचा चाहता आहे, त्यामुळे उदाहरणं बरीचशी याच टीमची येतील. पण नियम तिसांच्या तीस टीमना तेच आहेत.

पायरी पहिली: आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढा

आयपीएलमध्ये खेळाडूवर बोली लागते, पैसे मोजले की तो आपला. मेजर लीग बेसबॉलमध्ये नव्या खेळाडूवर अशी बोली लावता येत नाही. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको इथली मुलं ड्राफ्टमधून, म्हणजे टीमनी पाळीपाळीने निवड करण्याच्या पद्धतीतून, येतात, बाकी जगातली मुलं थेट करारातून. एकदा टीममध्ये आलं की मेजर लीगची सहा वर्षं भरेपर्यंत त्या खेळाडूवर टीमचा हक्क असतो. तो आपणहून उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही.

ही सहा वर्षं नीट समजली की निम्मं काम झालं. मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, १७२ दिवस काढले की एक वर्ष भरतं. पहिली तीन वर्षं पगार किमान वेतनाच्या आसपास असतो. २०२५ मध्ये ते किमान ७ लाख ६० हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर लवादाकडे जाता येतं, त्या धाकाने पगार चढत जातो, तरी बाजारभावापेक्षा कमीच राहतो. सहा वर्षं संपली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा, होतो आणि खरा भाव तेव्हा कळतो. हुआन सोटोला २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सने १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले, ते अशा मोकळ्या बाजारात.

पिट्सबर्गसारखी लहान शहरातली टीम या बाजारात न्यूयॉर्कशी किंवा लॉस एंजेलिसशी टक्कर देऊ शकत नाही. तिच्यासाठी गुणी खेळाडूची पहिली सहा स्वस्त वर्षं हेच भांडवल. म्हणून ट्रेडची बातमी आली की आधी नावं वाचू नका. कुणाची किती वर्षं गेली आणि कुणाची किती आली, ते मोजा.

या दिवसांच्या गणितातून टीम चलाखीही करतात. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगामाच्या सुरुवातीला थोडे दिवस खालच्या लीगमध्ये ठेवलं. वर्षाअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी पडला आणि त्याचं फ्री एजंट होणं वर्षभर पुढे गेलं. त्याने तक्रार केली, ती फेटाळली गेली. मला हा प्रकार तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारात त्यावर थोडा उतारा निघाला: रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं, मग तो कितीही उशिरा आलेला असो. पायरेट्सचा पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मेला आला. एरवी त्याचं ते वर्ष भरलंच नसतं. पण तो रूकी ऑफ द इयर झाला आणि वर्ष पदरात पडलं. त्यामुळे आम्हा पिट्सबर्गकरांच्या हातचं एक वर्ष कमी झालं, पण ते त्याने कमावलेलं आहे.

पायरी दुसरी: ड्राफ्ट कसा पाहायचा

ड्राफ्ट १९६५ पासून होतो. आता तो जुलैमध्ये असतो आणि २० फेऱ्यांचा असतो. शाळा संपवलेली मुलं, ज्युनियर कॉलेजची (म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजातली) मुलं आणि चार वर्षांच्या कॉलेजात तिसरं वर्ष झालेली किंवा २१ वर्षांची झालेली मुलं त्यात येतात. पूर्वी सर्वात जास्त हरलेल्या टीमला पहिली निवड मिळायची. हरण्यातच फायदा दिसू लागल्यामुळे २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी लॉटरी सुरू झाली. तळाच्या तीन टीमना पहिल्या जागेची सारखीच, साडेसोळा टक्के संधी असते. पायरेट्स २०२२ मध्ये १०० सामने हरले. वॉशिंग्टन आणि ओकलंड आमच्याहूनही वाईट खेळले होते, तरी पहिलीच लॉटरी आम्हाला लागली. त्या जागेवर लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा स्कीन्स घेतला आणि त्याला सही करताना ९२ लाख डॉलर बोनस दिला. वॉशिंग्टनने दुसऱ्या जागेवर त्याच कॉलेजचा डिलन क्रूझ घेतला.

नवख्या माणसाची गल्लत होते ती पैशांपाशी. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक जागेला बोनसची एक रक्कम ठरवून दिलेली असते. टीमच्या सगळ्या जागांची बेरीज म्हणजे तिचा एकूण निधी. एकाला कमी देऊन दुसऱ्याला जास्त दिलेलं चालतं, पण एकूण निधी पाच टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. इथे वाचवायचं आणि तिथे लावायचं.

२०२१ मध्ये पायरेट्सने हेच केलं. पहिल्या जागेवर कॅचर हेन्री डेव्हिस घेतला. त्या जागेची ठरलेली रक्कम ८४ लाखांच्या आसपास होती, त्याने ६५ लाखांवर सही केली. उरलेले पैसे खालच्या फेऱ्यांत शाळकरी मुलांवर लावले. त्यांतला बब्बा चँडलर हा तिसऱ्या फेरीचा, ७२ वा. तो क्लेमसन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल खेळायला जाणार होता, ३० लाख डॉलर देऊन त्याला वळवला. ड्राफ्टच्या रात्री लोक म्हणाले, पहिल्या जागेवर स्वस्तातला माणूस घेतला. डेव्हिसची बॅट अपेक्षेइतकी चाललेली नाही हे खरं आहे. पण त्याच पैशांतून आलेला चँडलर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गचा पिचर म्हणून माऊंडवर उभा राहिला, तेव्हा तो ड्राफ्ट पुन्हा तपासावा लागला. म्हणून पहिल्या नावावरून ड्राफ्टचा निकाल लावू नका. दहा फेऱ्या एकत्र वाचा.

माझं एक ठाम मत आहे. पहिल्या दहा जागांत शाळेतला पिचर शक्यतो घेऊ नये. अठरा वर्षांच्या मुलाचा हात पुढे काय सोसेल हे कुणालाच ठाऊक नसतं. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी पहिल्या जागेवर घेतलेला ब्रायन टेलर हा शाळकरी पिचर खांदा दुखावल्यामुळे मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. स्कीन्सची गोष्ट वेगळी होती, तो कॉलेजात तीन वर्षं तयार होऊन आला होता.

आणि घाईही करू नका. पुढे मोठे झालेले बॅटरच घ्या: माइक ट्राउट २००९ मध्ये २५ वा निवडला गेला. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ वा. याच्या उलट आम्ही २००७ मध्ये चौथ्या जागेवर डॅनियल मॉस्कोस घेतला आणि लगेच पाचव्या जागेवर बाल्टिमोरने मॅट वीटर्स नेला. वीटर्स पुढे चमकला, मॉस्कोस नाही. पिट्सबर्गच्या जुन्या चाहत्यापुढे हा विषय काढाल तर जरा जपून.

एक नियम मात्र पाठच करा: ड्राफ्टची जागा इथे ट्रेड करता येत नाही. लहान बाजारपेठेच्या टीमना मिळणाऱ्या 'कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स' जागा तेवढ्या अपवाद. बास्केटबॉल पाहणारे मित्र पुढच्या पाच वर्षांच्या निवडींचे व्यवहार सुचवत बसतात. इथे ते होत नाही.

परदेशी मुलांचे करार १५ जानेवारीपासून होतात. बहुतेक मुलं डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची, वय सोळा. आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पायरेट्सने २००८ मध्ये घेतलं, तेही ड्राफ्टबाहेरूनच. उत्तर प्रदेशातले हे दोघं भालाफेकपटू वेगाने चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला. ते किती अवघड आहे हे पुढची पायरी वाचल्यावर कळेल.

पायरी तिसरी: प्रॉस्पेक्ट प्रत्यक्ष बघा

ड्राफ्ट झालेला मुलगा लगेच मोठ्या मैदानावर येत नाही. रूकी लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असा जिना असतो. सिंगल-एपासून वर पायरेट्सचा जिना ब्रेडन्टन, ग्रीन्सबरो, आल्टूना, इंडियानापोलिस या गावांतल्या टीमचा आहे. यातली सर्वात मोठी उडी हाय-ए ते डबल-ए. खाली नुसत्या वेगावर भागतं. डबल-एमध्ये पिचरला दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचा चेंडू लागतो आणि बॅटरला तो ओळखावा लागतो.

म्हणून माझा सल्ला आहे की एकदा तरी आल्टूनाला जा. पिट्सबर्गहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता. राइट फील्डच्या भिंतीमागे लाकडी रोलर कोस्टर उभा आहे, मुलं बरोबर असतील तर ती त्याकडेच बघत बसतील. तुम्ही मात्र होम प्लेटच्या मागे बसा. तिथे दोन-तीन माणसं हातात रडार गन आणि मांडीवर वही घेऊन बसलेली असतात, ती दुसऱ्या टीमची स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी, मंडळी. चेंडू गेला की सगळे नाकासमोर धरलेल्या गनकडे बघतात, मग खाली मान घालून लिहितात. टाळ्या कधीच वाजवत नाहीत. एकदा माझ्या पुढच्या रांगेतला स्काउट होम रन झाला तरी वर बघेना. त्याचं लक्ष आधीच्या दोन चेंडूंवर होतं. बॅटरने बाहेर वळणारे दोन स्लायडर शांतपणे सोडले होते आणि तेच तो लिहून घेत होता. त्या दिवसापासून मीही आधी सोडलेले चेंडू बघतो.

स्काउट २० ते ८० अशा पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० चांगला, ७० फार दुर्मिळ. बॅटरचे पाच गुण मोजतात: चेंडूला बॅट लावणं, ताकद, पळणं, हाताची फेक, क्षेत्ररक्षण. यातलं पहिलं नसेल तर बाकीच्या चारांचा फारसा उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मायनर लीगचे आकडे वाचताना सरासरीआधी वय बघा. डबल-एमध्ये चोवीस वर्षांच्या मुलाने धुमाकूळ घातला तर ठीक आहे, म्हणायचं. एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे नुसता टिकला तरी कान टवकारायचे. कॉनर ग्रिफिन २०२४ मध्ये नवव्या जागेवर शाळेतून निवडला गेला आणि २०२५ च्या एकाच हंगामात ब्रेडन्टन, ग्रीन्सबरो करत आल्टूनाला पोचला, वय १९. वयानंतर बघायचं ते स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बॉल पडून फुकट मिळणारा बेस) यांचं प्रमाण. होम रन त्यानंतर.

बेसबॉल अमेरिका, एमएलबी पाइपलाइन, फॅनग्राफ्स यांच्या शंभर जणांच्या याद्या हिवाळ्यात येतात. जरूर वाचा, पण चाळिसावा आणि सत्तरावा यांत फारसा फरक मानू नका. याद्यांचा खरा उपयोग एवढाच की दुसऱ्या टीम आपल्या मुलांना काय भाव देतील, याचा अंदाज येतो.

जाता जाता रूल ५ ड्राफ्टही लक्षात ठेवा. टीमने ठरावीक वर्षांत मुलाला मेजर लीगसाठीच्या ४० जणांच्या यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरी टीम त्याला उचलू शकते. फक्त त्याला पुढचं वर्षभर मेजर लीगमध्येच ठेवावं लागतं. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी एका तरुण प्वेर्तो रिकन मुलाला माँट्रियलला नजरेआड खेळवत ठेवलं होतं. पायरेट्सने याच पद्धतीने त्याला ४,००० डॉलरमध्ये नेलं. त्याने पिट्सबर्गसाठी ३,००० हिट्स मारले, दोन वर्ल्ड सिरीज (लीगची अजिंक्यपदं) जिंकल्या आणि १९७२ च्या अखेरच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत नेताना विमान अपघातात तो गेला. ज्या पुलावरून आपण मॅचला चालत जातो, त्याला त्याच रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव आहे.

पायरी चौथी: ट्रेडची बातमी कशी वाचायची

ट्रेडची अंतिम मुदत साधारण ३१ जुलैच्या आसपास असते. तोवर प्रत्येक टीमला ठरवावं लागतं, यंदा जिंकायला खेळायचं की पुढच्यासाठी साठवायचं.

वर्षं मोजायची म्हणजे काय, ते सोटोच्या प्रवासात स्वच्छ दिसतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने त्याला सॅन डिएगोला दिलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि अडीच हंगाम शिल्लक होते. बदल्यात वॉशिंग्टनला लूक व्हॉइटखेरीज सीजे अ‍ॅब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल आणि हार्लिन सुसाना असे पाच तरुण मिळाले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सॅन डिएगोने तोच सोटो यांकीजना दिला. तेव्हा एकच हंगाम उरला होता. मायकेल किंगसकट पाच जण आले खरे, पण वुड-गोरच्या तोडीचा माल नव्हता. खेळाडू तोच, बॅटही तीच, वर्षं कमी झाली तसा भाव उतरला.

पण म्हणून वर्षं कवटाळून बसायचं असंही नाही. २०१६ मध्ये कब्जने अवघ्या काही महिन्यांच्या अरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेससारखा शॉर्टस्टॉप यांकीजना दिला. हंगाम संपताच चॅपमन यांकीजकडेच परत गेला. कागदावर हा तोटाच दिसतो. पण कब्जने १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. मी त्यांच्या जागी असतो तर हाच व्यवहार केला असता. जिंकायची वेळ आली की प्रॉस्पेक्ट खर्च करायचे असतात. पिट्सबर्गमध्ये आम्ही १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम हरण्याचे काढले, त्यामुळे 'उद्या'वर जीव लावायची आम्हाला सवय लागली आहे. ती मोडायला हवी.

आता माझ्या मनाला लागून राहिलेला व्यवहार. मी एक वही ठेवतो, ट्रेडच्या दिवशीच त्यात लिहितो. ३१ जुलै २०१८ च्या पानावर डावीकडे आहे: "आले: ख्रिस आर्चर, टॅम्पा बे. साडेतीन हंगाम, करार स्वस्त." उजवीकडे: "दिले: टायलर ग्लॅसनाउ, ऑस्टिन मेडोज, तिसरं नाव नंतर." ट्रेडमध्ये कधीकधी एक खेळाडू 'नाव नंतर कळवू' असा असतो, सहा महिन्यांत ते कळवावं लागतं. मी त्याच्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आणि खाली लिहिलं, "चांगला व्यवहार." मला खरंच आनंद झाला होता. आमची टीम घेणाऱ्यांच्या रांगेत उभी होती, हे किती वर्षांनी दिसत होतं.

ऑगस्टच्या मध्याला ती ओळ भरली: शेन बाझ, आदल्याच वर्षीचा पहिल्या फेरीतला बारावा. तेव्हा मी पहिल्यांदा उजव्या बाजूची वर्षं मोजली. ग्लॅसनाउची पाच, मेडोजची सहा आणि बाझचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नव्हतं. २०१९ मध्ये मेडोज ३३ होम रन मारून ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. पिचर आर्चरने पिट्सबर्गसाठी दोन हंगामांत ६ सामने जिंकले, १२ हरले, मग खांद्यापाशी शस्त्रक्रिया झाली आणि करारातलं शेवटचं, २०२१ चं वर्ष टीमने घेतलंच नाही. डावीकडचे साडेतीन हंगाम मी हौसेने मोजले होते, उजवीकडचे मोजलेच नव्हते.

२०१८ च्याच जानेवारीत मात्र उलटं घडलं होतं. अँड्र्यू मॅककचन, २०१३ चा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू), शहराचा लाडका, सॅन फ्रान्सिस्कोला दिला गेला. घरोघरी सुतक होतं. त्याचं एकच वर्ष उरलं होतं आणि आलेल्यांत ब्रायन रेनॉल्ड्स नावाचा कॉलेजातून आलेला आउटफिल्डर होता. पुढे तोच रेनॉल्ड्स ऑल-स्टार झाला आणि २०२३ मध्ये पिट्सबर्गशी आठ वर्षांचा करार करून राहिला. मॅककचनही त्याच वर्षी परत आला.

पायरी पाचवी: आपली वही घाला

एक साधी दोनशे पानी वही पुरे. ट्रेड झाला की त्याच दिवशी, लोकांची मतं वाचायच्या आधी, डावीकडे आलेले आणि उजवीकडे गेलेले लिहा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: वय, जिन्यावरची पायरी, हातातली वर्षं. खाली एका वाक्यात तुमचं मत, आणि ते नंतर खोडायचं नाही. ड्राफ्टसाठी वेगळं पान ठेवा. त्यावर पहिल्या दहा फेऱ्यांची नावं आणि बोनस लिहा.

मग पानं उलटून पाहायची, पण तीन वर्षं गेल्यावर. त्याआधी पाहिलंत तर नुसता जीव वर-खाली होतो. माझं २०२४ च्या ड्राफ्टचं पान २०२७ च्या जुलैत उघडायचं आहे. ग्रिफिनच्या नावापुढे मी तेव्हा लिहिलंय: "बॅट लागेल का? लागली तर फार मोठा."